तुतीवरचा मास्तर

सकाळी साडेसातला जॉबरने मागचं दार उघडलं तेव्हा परसातल्या तुतीला शिडी लागलेली होती आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर एक माणूस उभा होता. खांद्याला करवत, कमरेला दोराचं वेटोळं. हे दार जॉबरने दीड महिन्यात उघडलं नव्हतं. आजही उघडलं नसतं, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओट्यावर येणारं ऊन मध्येच तुटलं आणि चहाच्या भांड्यावरून कुणाच्या तरी पायांची सावली सरकली. कडी गंजून बसली होती. ती दोन्ही हातांनी ओढावी लागली.

“कोण रे तू? कुणाला विचारून चढलास?”

तो ओरडला असं त्या माणसाला वाटलं. खरं तर तो नेहमीच्या आवाजात बोलला होता. पण चौतीस वर्षं गिरणीच्या साचाखात्यात, चारशे मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचा नेहमीचा आवाज घरात मावत नाही. गिरणीत तो जॉबर होता. चाळीस साचे, म्हणजे माग, आणि ते चालवणारी माणसं, यातलं जे बिघडेल ते दुरुस्त करायचं, असं ते काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्ली त्याला जॉबरच म्हणत होती.

शिडीवरचा माणूस काहीतरी म्हणाला. त्याचं तोंड पानांत होतं. जॉबरने हाताने ‘खाली ये’ अशी खूण केली. माणूस उतरला, तोंड दिसलं, आणि मग शब्दही आले.

“शेजारच्या सिस्टरनी बोलावलंय. ही भिंतीकडची फांदी घ्यायचीय. तुम्ही हो म्हणालात म्हणे.”

“मी?”

“मला काय ठाऊक, काका? त्या म्हणाल्या, विचारलंय, चांगलं दोनदा हो म्हणाले.”

दोनदा. मग ते खरंच असणार, हे जॉबरला तिथल्या तिथे कळलं. मंगळवारी पुढच्या फाटकाशी ही सिस्टर भेटली होती. इस्पितळात रात्रपाळी करते, महिन्यापूर्वी शेजारच्या घरात भाड्याने आली, एवढंच तिच्याबद्दल ठाऊक. तोंडावर मास्क होता. भुवया वर गेल्या होत्या, म्हणजे काहीतरी विनंती असावी. मास्कमागचं तोंड म्हणजे जॉबरला नुसती भिंत. अशा वेळी तो आयुष्यभर जे करत आला तेच त्याने केलं: मान हलवली, हसला, आणि म्हणाला, “हो, हो.” कचऱ्याचं असेल, पाण्याचं असेल. हो म्हटल्याने आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

एवढ्यात भिंतीपलीकडून सिस्टरच आली. आज मास्क नव्हता. तिचा पूर्ण चेहरा जॉबरने पहिल्यांदाच पाहिला. हनुवटीवर तीळ होता आणि डोळे जागरणाने तांबारलेले. “काय झालं, काका? मंगळवारी तुम्हीच तर हो म्हणालात.”

“पण फांदी कशाला तोडायची?”

“कशाला म्हणजे? तो पक्षी! रात्रभर उभी असते मी वॉर्डात. पहाटे येऊन पडते, डोळा लागतो न लागतो तोच याचं सुरू. पाऊण पाऊण तास. उशीखाली डोकं घालून बघितलं, कापूस घालून बघितला. त्याच्यापेक्षा माझे पेशंट बरे, तेही मधूनमधून झोपतात.”

“इथे पक्षी नाहीये,” जॉबर म्हणाला. “असायचा. यंदा आलाच नाही.”

सिस्टरने फांदीवाल्याकडे बघितलं. फांदीवाल्याने सिस्टरकडे बघितलं. मग त्याने करवतीच्या मुठीवरचं एक बोट उचलून वर दाखवलं आणि म्हणाला, “मग हे कोण, यमदूत?”

आणि दोघांच्याही माना एकाच बाजूला, एकाच मापाने कलल्या. डोळे उघडे, पण कुठेच बघत नसलेले. ओठ किंचित सुटलेले. हा चेहरा जॉबरने या परसात वर्षानुवर्षं पाहिला होता. फक्त तो दुसऱ्या बाईचा होता, आणि त्या बाईला जाऊन पाच महिने झाले होते. त्याने वर बघितलं. तुती होती. पानं होती, नवी, ओलसर हिरवी, उन्हात आरपार दिसणारी. आवाज कसलाच नव्हता.

“आज नको,” तो म्हणाला. “म्हणजे आत्ता नको.”

“चारला परत येतो मग,” फांदीवाला म्हणाला. “मला पलीकडे दोन नारळ उतरवायचेत. पण चारला काय ते नक्की ठेवा, हो तर हो, नाही तर नाही. शिडी इथेच राहू दे, दोनदा कुठे वाहू.” तो गेला. सिस्टर जांभई आवरत आत गेली. परसात शिडी उरली.

आत चहा उतू जाऊन गॅस विझला होता. उतू जाण्याचा आवाज त्याला कळला नव्हता. पण तो कधीच कळत नसे, वासावरून कळे. कुकरची शिटी तो वाफेवरून ओळखी, दाराची घंटा तर मुलीने काढून तिच्या जागी लुकलुकणारा दिवा बसवून दिला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जॉबर सांगे की घंटेच्या आवाजाने डोकं उठायचं म्हणून काढली. ऐकू येत नाही असं नव्हतं. ट्रकचं घुरघुरणं येई, शेजारचं दार आपटलेलं येई. कावळा येई, आणि होल्याचं घुमणं तर फार छान येई, छातीत आल्यासारखं. खालच्या पट्टीचं सगळं शाबूत होतं. वरचं गेलं होतं, धाब्याचं घर असून गच्ची गेल्यासारखं. आणि ते कधी गेलं हे सांगता येत नव्हतं, कारण जे ऐकूच येत नाही ते ऐकू येईनासं झालंय, हे कळणार कुठल्या कानाने?

साचाखात्यात पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या जॉबरने त्याला सांगितलं होतं, “कान घरी ठेवून येत जा, पोरा. जाताना घेत जा.” तिथे आवाज कामाचाच नसे. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, मिनिटाला पावणेदोनशे वेळा, असे चारशे धोटे. जमीन पायांतून वर चढायची. माणसं ओठांनी बोलत. नुसत्या ओठांनी, मोठे करून, आवाज न काढता. पन्नास पावलांवरचा माणूस शिवी देतोय की चहा मागतोय, हे बघून कळायचं. लग्नं ठरली त्या बोलण्यात, मारामाऱ्या झाल्या. साचा बिघडला तर जॉबर त्याच्या सांगाड्यावर तळहात ठेवी आणि हाताने ऐके. वर्षातून एकदा गिरणीचा डॉक्टर कान तपासायला येई. कपाटाएवढ्या काचेच्या खोलीत बसवून डोक्याला यंत्र लावत. आवाज आला की बटण दाबायचं. ज्यांचे कान उतरले त्यांना गोदामात पाठवत, गठ्ठे मोजायला, आणि गोदाम म्हणजे धडधाकट असताना पेन्शन. जॉबरने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच ताडलं की काचेपलीकडचा कंपाउंडर आवाज सोडताना अंगठा किंचित उचलतो. मग सोपं होतं. पुढची एकतीस वर्षं त्याने त्या अंगठ्याकडे बघून बटण दाबलं. दर वर्षी कागदावर शेरा येई, ‘श्रवण उत्तम’. तो कागद तो घरी आणून बायकोला दाखवायचा, आणि तो खोटा आहे हे काही वर्षांनी त्याचं त्यालाही आठवेनासं झालं.

बायको मागच्या दारात बसून काजं करी. शर्टांची काजं, पलीकडच्या शिलाई कारखान्यातून गठ्ठा यायचा, ती उंबऱ्यावर पाय सोडून उजेडाला बसायची, मांडीवर शर्ट, बोटात टोपण. तो पाळीवर जाण्याआधी तिच्यासमोर स्टुलावर चहा घेत बसे. तुतीला पानं फुटायला लागली की एखाद्या सकाळी तिची सुई मध्येच थांबायची. धागा अर्धा ओढलेला, मान कललेली. “मास्तर आला,” ती म्हणायची. “ऐकलंत?”

“हो.”

मास्तर हे नाव तिनेच ठेवलेलं. उजाडता उजाडता येतो आणि सगळ्या झाडाची हजेरी घेतो म्हणून. “आज उशीर झालाय त्याला,” ती म्हणायची, आणि हा म्हणायचा, “हो, उशीरच.” “घसा बसल्यासारखा वाटतो, नाही?” “थंडी असते ना पहाटेची.” सुरुवातीला तो नुसतंच हो म्हणत असणार. मग हात सैल सुटला. एकदा तर तिचा भाऊ आला असताना त्याच्यासमोर जॉबर म्हणाला होता, “त्याच्या शेवटच्या तानेत एक खोच आहे बघा. ती बाकीच्या पक्ष्यांत नाही.” मेव्हणा कौतुकाने मान डोलावत राहिला. बायकोने याच्याकडे बराच वेळ बघितलं होतं. तेव्हा त्याला वाटलं, नवऱ्याला गाण्यातलं कळतं याचा तिला अभिमान वाटला असेल.

तर तिच्या सुईवरून वसंत ऋतू यायचा आणि तिच्या सुईवरून जायचा. मास्तर कसा दिसतो हे जॉबरला नीटसं ठाऊक नव्हतं. बघायची वेळच कधी आली नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत असे, पक्ष्याकडे नाही. थंडी सुरू होताना ती गेली, आठ दिवसांच्या आजारात, फार त्रास न देता. मग थंडी संपली. तुतीला डोळे फुटलेले त्याने खिडकीतून बघितले आणि वाट बघितली. कसली, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. दाराशी बसून बघितलं, पहाटे उठून बघितलं. काही झालं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने मागच्या दाराला कडी घातली. आणि मग त्या न येण्याचं काय करायचं हे त्याला सापडलं. न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला असताना तो म्हणाला, “ती गेली आणि तिचा तो पक्षीही आला नाही यंदा.” न्हाव्याचा हात थांबला, याने मान वर केली. “कळतं हो, जॉबरसाहेब,” न्हावी आरशात म्हणाला. “मुक्या जिवाला कळतं.” ते त्याला फार बरं वाटलं. मग वाण्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, जुन्या गिरणीतल्या एकाला बाजारात गाठून सांगितलं. प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा मऊ व्हायचा. पाच महिन्यांत त्याला एवढीच एक गोष्ट मिळाली होती जी सांगितली की माणसं जवळ यायची. घरात एकट्याने जेवताना तो ती स्वतःलाही सांगे: मी एकटाच नाही, तोही नाही आला.

आणि तो आला होता. पाऊण पाऊण तास. इतका की शेजारच्या बाईला झोप लागत नव्हती. जॉबरला आधी राग आला तो पक्ष्याचा. ती नाही हे दिसत होतं की त्याला, रिकामा उंबरा दिसत होता. तरी तोंड वर करून रोज हजेरी घेत होता, बेइमान. मग तो राग टिकेना. कारण न्हाव्याच्या दुकानातला तो मुका जीव आठवला, आणि मुका कोण होता, हा हिशोब फार उशिरा लागत होता.

अकराला त्याने मुलीला फोन लावला. तिच्याशी तो व्हिडिओवरच बोले. कारण तोंड दिसतं, असं तो म्हणे, आणि बापाला लेकीचं तोंड बघावंसं वाटतं याचं कुणाला नवल नव्हतं. मुलगी दुसऱ्या शहरात एका कचेरीत होती. ती जिन्यात येऊन उभी राहिली. मागे कुणी वर-खाली जात होतं.

“या वेळी कसा फोन, बाबा? बरे आहात ना?”

“बरा आहे. अगं, मास्तर आलाय.”

ती जिन्याच्या कडेला सरकली. मग म्हणाली, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

‘ऐकलात का’ असं विचारायला हवं होतं. ‘कधी आला’ असं. जॉबरने ती वाक्यं मनात बदलून बघितली, एकेक सुटा भाग लावून बघावा तशी, आणि कुठलाच बसेना. “कुणी सांगितलं कशाला? मला माझं—”

“बाबा.”

“काय बाबा?”

“आईला माहीत होतं.”

पडद्यावर तिचे ओठ अगदी तिच्या आईसारखे हलत होते. खालचा आधी, वरचा मागून.

“त्या वर्षी पालिकेच्या लोकांनी तुती छाटली होती, आठवतं? पार बोडकी केली होती. त्या वर्षी मास्तर आलाच नव्हता. आई रोज सकाळी तुम्हाला विचारायची, ऐकलंत? आणि तुम्ही रोज हो. आठ दिवस, बाबा. मला सांगताना हसून हसून ठसका लागला होता तिला. म्हणे, आज तर म्हणाले, कालच्यापेक्षा बरा गायला.” मुलगी हसली, आणि हसणं अर्ध्यावर ठेवून म्हणाली, “नवव्या दिवशी पण तिने विचारलं. ते सांगताना नाही हसली.”

“मग मला बोलायचं की तिने.”

“मी म्हटलं होतं तिला. म्हटलं, डॉक्टरकडे ने त्यांना, मशीन बसवून घे, आता केवढी छोटी मिळतात. तर बघू बघू करत राहिली. आणि मग एकदा म्हणाली—”

चित्र अडकलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, अशी मुलगी पडद्यावर थिजली आणि मागून नुसता आवाज येत राहिला, खालचा, गरगरीत, शब्द नसलेला. तो म्हणाला, “थांब, थांब, दिसत नाहीये.” चित्र सुटलं तेव्हा तिच्या मागून दोघं-तिघं जिना उतरत होती. ते जाईपर्यंत ती थांबली नाही. ती तशीच कॅमेऱ्याजवळ आली आणि आवाज न काढता, साचाखात्यातल्यासारखे ओठ मोठे करून बोलली. हे तिला त्यानेच शिकवलेलं, ती पाच वर्षांची असताना, खेळ म्हणून. त्याला एकेक अक्षर कळलं.

‘ऐकलंत विचारलं की ते माझ्याकडे बघतात गं. एरवी कुठे बघतात?’

मग मुलगी पुन्हा आवाजात आली. मशीनचं बघा, म्हणाली. पुढच्या महिन्यात येते, म्हणाली. जेवलात का, म्हणाली. तो या सगळ्याला हो म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ विझलेल्या पडद्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसत राहिलं.

तो जेवला नाही. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून त्याने तिचा चेहरा आठवायला घेतला. ते सोपं जायला हवं होतं. इतकी वर्षं इतक्या बारकाईने तो दुसऱ्या कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत आला नव्हता. कपाळावरची आडवी रेघ कधी उमटते, डावी भुवई कशाने वर जाते, गालातल्या गालात हसू दाबताना नाकपुडी कशी हलते, सगळं पाठ होतं. पण ते सगळे ती बोलत असतानाचे चेहरे होते, ती ऐकत असतानाचे होते. तिच्याकडे बघत होता तो मीटरच्या काट्याकडे बघावं तसा: काय म्हणतेय, आता मी काय म्हणायचं. कंपाउंडरचा अंगठा. ती गप्प असताना, नुसती काजं करत असताना, पक्षी नसताना कशी दिसायची? ते येईना. काजं दिसत होती, टोपण दिसत होतं, उंबऱ्यावर सोडलेले पाय दिसत होते, टाचेची भेग दिसत होती. वर चेहऱ्यापाशी गेलं की सुई थांबायची आणि ती म्हणायची, ऐकलंत? दुसरा चेहराच नव्हता त्याच्याकडे. आणि तिला हे ठाऊक होतं. म्हणून नवव्या दिवशी, बोडक्या झाडाखाली, नसलेल्या पक्ष्यासाठी तिने मान कलती केली होती आणि याने तिच्याकडे बघून म्हटलं होतं, हो. एक जण नसलेलं ऐकवत होती, दुसरा न आलेलं ऐकत होता, आणि असा एक संसार चांगला चालला होता असं गल्ली म्हणत होती. जॉबरही म्हणत होता. बाकीच्या सकाळी, खरोखर मास्तर गात असताना, ती ते कुणाबरोबर ऐकत होती? कुणाबरोबरच नाही. समोर नवरा बसलेला असताना, चहाची वाफ येत असताना, ती आत्ता याच खोलीत हा जसा बसलाय तशी बसलेली होती.

दोन वाजता तो परसात गेला. स्टूल नेलं, आणि विचार करून ते तिच्या उंबऱ्यासमोर न ठेवता उलटं फिरवून झाडाकडे तोंड करून ठेवलं. आधी काहीच दिसलं नाही. हिरवं, हिरव्यात ऊन, आणि शिडी. साचा बघायला शिकताना म्हाताऱ्या जॉबरने सांगितलं होतं, सगळं बघू नकोस, जे हलतंय ते सोड आणि जे थांबलंय ते बघ. इथे उलट करावं लागलं. मग दिसायला लागलं. तुतीला फळं लागली होती. हिरवी, लाल, काही पार काळी, आणि खाली फरशीवर त्यांचे जांभळे डाग. भिंतीच्या कडेच्या मातीत चार चिमण्या अंघोळ करत होत्या, खळगा करून, पंख फुगवून, धूळ उडवत. त्यांचा काय गोंधळ चालला असेल तो असो, त्याला ते तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायांसारखं दिसलं. एक अंगठ्याएवढा पक्षी, निळाशार, उन्हात तेल सांडावं तसा चकाकणारा, फुलापाशी पंख फडफडवत हवेत उभा राहिला आणि गेला. होला घुमला, तो ऐकू आला, आणि ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसं जॉबरला वाटलं. हे सगळं दर वर्षी होत होतं? त्याच्या पाठीमागे?

मास्तर शिडीवरच होता. सगळ्यात वरच्या पायरीवर. काळा-पांढरा, मुठीत मावेल एवढा, शेपूट ताठ वर. एवढासाच. जॉबरला तो मोठा वाटला होता, निदान कबुतराएवढा. पाऊण तास हजेरी घेणारा. पक्ष्याने चोच उघडली. गळ्याखालची पिसं थरथरली, छाती भरली, शेपूट खाली आलं, पुन्हा वर गेलं. चोच मिटली. थांबला. पुन्हा उघडली. जॉबर डोळे बारीक करून वाचू लागला, पन्नास पावलांवरच्या माणसाचं बोलणं वाचावं तसं. आणि पक्ष्याला ओठ नसतात हे कळून स्वतःशीच हसला. मग तो हळूच उठला आणि शिडीच्या खालच्या पायरीला तळहात लावला. चाळीस साच्यांतला कुठला आजारी आहे हे त्या तळहाताने सांगितलं होतं. त्याने श्वास धरून वाट बघितली. मुंग्या होत्या. एक चावली. वर चोच उघडत होती, मिटत होती, सगळं झाड त्या आवाजाने भरलेलं असणार, आणि तळहाताला बांबू लागत होता, नुसता बांबू.

भिंतीकडच्या फांदीला, जी तोडायची होती तिला, जुन्या छाटणीच्या जागी एक ढोली पडली होती. तिथे दुसरा पक्षी आला, जरा फिका, राखाडी. चोचीत काडी होती. आत गेला, बाहेर आला तेव्हा काडी नव्हती. उडाला. थोड्या वेळाने पुन्हा काडी. जॉबरने मोजलं नाही, नुसतं बघितलं. वरचा गात होता, खालची घर भरत होती, आणि गाणं ऐकायला ती एकदाही थांबली नाही. तरी तो गात होता.

चारला फांदीवाला आला. दोन मिनिटांनी सिस्टर आली. झोप झालेली दिसत नव्हती, केसांना नुसता चाप.

“बोला,” फांदीवाला म्हणाला. “हो का नाही?”

“नाही,” जॉबर म्हणाला. “तोडायची नाही. घरटं आहे.”

“अहो काका, घरटं काय, दर झाडाला घरटं असतं! मग सकाळीच सांगायचं होतं.”

“सकाळी मला ठाऊक नव्हतं.” मग तो सिस्टरकडे वळला. हे वाक्य त्याने दुपारभर जुळवलं होतं, पण तोंडात आल्यावर ते गठ्ठ्यासारखं जड झालं. “मंगळवारी तुम्ही काय विचारलंत ते मला कळलं नव्हतं. मी उगीच हो म्हणालो. मला ऐकू येत नाही. म्हणजे खालचं येतं. वरचं येत नाही. हा जो आहे, हा मला कधीच ऐकू आलेला नाही.”

फांदीवाल्याने शिडीला हात घातला होता, तो तसाच राहिला. सिस्टरचा चेहरा बदलला, पण न्हाव्याच्या दुकानातल्यासारखा मऊ झाला नाही. तो कामाचा झाला. “कधीपासून?”

“ठाऊक नाही.”

“घरात कुणाला माहीत होतं?”

“होतं,” जॉबर म्हणाला. “मलाच नव्हतं.”

“तपासून घ्या. सोमवारी कानाचे डॉक्टर असतात आमच्याकडे, मी नाव घालते. आणि तिथे खरं खरं सांगा, हो हो करू नका. पण काका, माझं काय? मी झोपू कधी?”

“तुमच्या खिडकीच्या फटी मी बुजवून देतो. नमद्याच्या, जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या लावून. साचाखात्यात साहेबाच्या केबिनला लावायचो आम्ही. बाहेर चारशे साचे आणि आत साहेब घोरायचा. उद्या सकाळी माप घेतो.”

“सकाळी मी झोपलेली असते.”

“मग संध्याकाळी.”

“आणि माझी खेप?” फांदीवाला म्हणाला. जॉबरने त्याला चहा घेऊन जा म्हटलं. त्याने नको म्हणून हात हलवला, फांदी वाकवून मूठभर काळी फळं तोडली, तोंडात टाकली, आणि जांभळ्या ओठांनी काहीतरी पुटपुटत शिडी खांद्यावर घेऊन गेला. जॉबरने ते वाचलं. ते फारसं वाईट नव्हतं.

सिस्टर आत जायला वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. तिची मान कलली, ओठ सुटले. “बघा, झाला सुरू,” ती म्हणाली. “ऐकलंत?” आणि लगेच जीभ चावली.

जॉबर तिच्याकडे बघत नव्हता. तिचे ओठ त्याला डोळ्याच्या कडेने दिसले होते, तेवढे पुरले होते. तो फांदीकडे बघत होता, जिथे तो मुठीएवढा पक्षी शेपूट वर करून चोच उघडत होता.

“नाही,” तो म्हणाला.

तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, साचाखात्याच्या. चिमण्या धुळीतून एकदम उठल्या. मास्तरने चोच मिटली, एकदा इकडे बघितलं, आणि भिंतीवरून पलीकडे निघून गेला.

“गेला,” सिस्टर म्हणाली. “आता गप्प आहे.”

“येईल,” जॉबर म्हणाला, आणि स्टुलावर बसला. फांदी अजून हलत होती.